कॅमेऱ्यातला दुसरा ठोका

भूपाल मगदूमचा कॅमेरा गाणं ऐकून मान डोलावतो, हे इचलकरंजीत शेंबडं पोरही शपथेवर सांगायचं. त्याच्या व्हिडिओत रस्त्यावरची म्हैस आली तर ती तालात रवंथ करायची, आणि गटारीवरून उडी मारणारं कुत्रं बरोबर समेवर पाय टेकायचं. कुत्र्याच्या बाबतीत थोडा मीठमसाला असेल. म्हशीचं मात्र खरं आहे, तो व्हिडिओ अजून बघायला मिळतो.

मोबाइल लोकांच्या खिशातून निघून चष्म्यात शिरला होता आणि कॅमेरे खांद्यावरून उतरून हवेत उडायला लागले होते, त्या दिवसांतली ही गोष्ट. पन्नाशी उलटलेला भूपाल मात्र विटेसारखा जड, जुना कॅमेरा खांद्यावर घेऊन उलटा चालायचा. समोरून रॅप म्हणणारा गडी अंगावर आल्यासारखा पुढं येतोय आणि हा त्याच्या तोंडावर कॅमेरा रोखून मागं मागं सरकतोय: यंत्रमागांच्या शेडमधून, बोळातून, वाळत घातलेल्या लुगड्यांखालून, एका दमात, मध्ये कुठंही न तोडता. भूपालला पाठीला डोळे नव्हते. ते काम त्याची बायको त्रिशला करायची. ती आपली सरळ पुढं बघत चालायची आणि एक हात मागं करून त्याच्या कमरेचा पट्टा घट्ट धरायची. खड्डा आला की डावीकडं ओढ, पायरी आली की वर हिसका. सुरुवातीला, भूपाल लग्नाचे व्हिडिओ काढायचा तेव्हा, पट्टा धरायला ठेवलेला गडी पंगतीतच अडकून राहायचा. "लग्नात यांचा हात धरलाच हाय," त्रिशला म्हणाली, "पट्ट्यानं काय वेगळं हुतंय?" तेव्हापासून तो पट्टा तिच्या हातून सुटला नव्हता.

आणखी एक गोष्ट होती. त्रिशला दिवस मावळायच्या आत जेवणारी. माहेरी तसंच, सासरी तसंच. मावळल्यावर अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. त्यामुळं दुपारचं ऊन उतरलं की शूटिंग सुरू आणि दिवस बुडायच्या आत कॅमेरा पिशवीत. सूर्य कलला की ती पट्ट्याला दोन हिसके द्यायची. त्याचा अर्थ, आटपा.

मोठ्या शहरांतले रॅपवाले रात्रीच्या निळ्या-जांभळ्या दिव्यांत, दुसऱ्याच्या गाडीला टेकून गायचे. इचलकरंजीच्या पोरांची गाणी मात्र भूपालच्या चालीवर बेतून तयार व्हायला लागली. एका दमात चालायचंय म्हणून कडवं लांब. उजेड जाईल म्हणून शेवटचं कडवं घाईचं, श्वास टाकायलाही जागा न ठेवणारं. पुढं पुढं पोरं गाणं लिहितानाच खोलीत फेऱ्या मारायची. पुण्याच्या एका अभ्यासकानं लिहिलं की मगदूमांचा मावळता प्रकाश म्हणजे कामगारवर्गाच्या अस्ताची प्रतिमा आहे. भूपालनं तो लेख मोठ्या हौसेनं बायकोला वाचून दाखवला.

"त्यांना कळवा," त्रिशला म्हणाली, "आमटी निवत हुती म्हणावं."

रॅपबद्दल तिचं मत ठाम होतं. "गाणं कसलं ते? नळावरचं भांडण." वीस वर्षं ती ते भांडण पाठमोरी ऐकत आली होती.

मग एका शूटिंगमध्ये भूपाल भोवळ येऊन पडला. पट्टा त्रिशलाच्या हातात होता म्हणून डोकं फुटलं नाही, एवढंच. सांगलीच्या डॉक्टरांनी हृदयात औषधाच्या गोळीएवढा पेसमेकर बसवला. त्याच्या हृदयाला स्वतःहून ठोका द्यायची आठवणच राहत नव्हती, आता हे यंत्र प्रत्येक ठोका देणार होतं. "चालायला लागलात की अंगाच्या हालचालीवरून त्याला कळेल आणि ते ठोके वाढवेल," डॉक्टर म्हणाले. भूपालनं विचारलं, "आणि गाणं ऐकलं की?" डॉक्टर हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

महिन्याभरानं भूपालनं एका नव्या पोराचं गाणं चित्रित केलं. तीच बोळं, तोच उजेड, तीच उलटी चाल. सगळं बरोबर होतं, आणि बघवत नव्हतं. लग्नातल्या प्लॅस्टिकच्या फुलांसारखं. पोरानं "भारी झालंय, काका" म्हटलं आणि गुपचूप दुसरीकडून पुन्हा करून घेतलं. भूपालनं कॅमेरा पुसला, पिशवीत घातला आणि पिशवी माळ्यावर टाकली.

ती खाली काढायला आला नौशाद शिकलगार.

नौशाद म्हणजे रॅपच्या दुनियेतला 'खटका'. भूपालचा पहिला रॅप व्हिडिओ त्याचाच. पोरपणी तो यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायचा, आणि मागांच्या खटाखटीतच त्याची जीभ चालायला शिकली. नंतर नाव झालं, दोनदा मुंबईलाही जाऊन आला, आता डोक्याचे केस गेले होते आणि आवाज तेवढा राहिला होता.

"भूपाल्या, कॅमेरा काढ," तो दारातूनच म्हणाला. "आमची शेड मोडीत निघाली. शेवटचे धोट्याचे माग. रविवारी भंगारवाला येतोय. शनिवारी शेठ एकदा चालू करून देतो म्हणालाय. गाणं तयार हाय, गाठीचं जुनं कडवंबी त्यात घेतलंय."

"माझ्यात आता काय राहिलं न्हाई, नौशाद."

"का? डॉक्टरनं काढून घेतलं?"

"तसंच समज."

"मर्दा, मी केस गेल्यावर गायचं सोडलं का?"

"तू केसानं गात हुतास व्हय?"

त्रिशलानं पुढं ठेवलेला चहा नौशादनं बशीत ओतून, फुंकर मारून, सावकाश संपवला. म्हणजे तो हलणार नव्हता.

"दुसरा एक मार्ग हाय," भूपाल म्हणाला. "पुण्याची एक कंपनी फोन करत्या. त्यांनी माझे सगळे जुने व्हिडिओ एका यंत्राला दाखवलेत. त्यांचा उडता कॅमेरा माझ्यासारखा शूट करतोय म्हणं. चांगल्या दिवसातल्या माझ्यासारखा."

"मी त्या माशीपुढं गाऊ?"

"शनिवार काय थांबणार हाय का आपल्यासाठी?"

"बोलाव मग," म्हणत नौशादनं बशी पालथी घातली.

कंपनीच्या डॉ. घोलप शुक्रवारी दुपारी आल्या. वयानं तिशीच्या आतबाहेर, हातात टोळाएवढा कॅमेरा, आणि भूपालचे व्हिडिओ तोंडपाठ. म्हशीचा व्हिडिओ आपण कॉलेजात असताना किती वेळा पाहिला ते त्यांनी आल्या आल्या सांगितलं. त्यामुळं त्रिशलानं त्यांना चहाबरोबर चिवडाही दिला.

"सर, खांद्यावरचा कॅमेरा कधीच स्थिर नसतो," त्या सांगू लागल्या. "हृदयानं रक्त वर फेकलं की अंगाला उलटा झटका बसतो, बंदूक उडाली की खांद्याला बसतो तसा. फार बारीक, केसाइतका. डोळ्याला दिसत नाही. पण खिडकीचा कोपरा, विटेची कड, असे हजारो बिंदू यंत्र प्रत्येक चित्रात मोजतं. त्यातून तुमची पावलं वजा केली, श्वास वजा केला, की खाली उरतात ठोके. तुमच्या प्रत्येक व्हिडिओत तुमचं हृदय चित्रित झालंय, सर."

"आयला," नौशाद म्हणाला. "माझ्या पैशात?"

"पण नुसते ठोके म्हणजे शैली नाही. ठोके वाढले की किती वेळानं तुम्ही जवळ जाता, कुठं थबकता, कुठं तोंड सोडून हात दाखवता, हे यंत्र शिकतं. काळजात उठलेली गोष्ट हातापर्यंत पोचायला जो वेळ लागतो, तो प्रत्येक माणसाचा वेगळा असतो. आम्ही त्यालाच शैली म्हणतो."

भूपाल आपल्या हाताकडं बघत बसला. त्या प्लॅस्टिकच्या फुलांचं कोडं आता सुटलं होतं. त्याच्या काळजातल्या गोळीला चाल कळत होती. गाणं कळत नव्हतं.

"फक्त एक अडचण आहे," डॉ. घोलप म्हणाल्या आणि त्यांनी टेबलावर एक आलेख उजळवला. एक जाड रेघ आणि तिच्या आडोशानं चाललेली एक बारीक रेघ. "सगळं वजा करूनही यंत्राला दोन हृदयं सापडतात. आम्ही तीन वेळा तपासलं. हे मोठं तुमचं. पण हे दुसरं, कमरेच्या उंचीवरून येणारं... सर, तुम्हाला आणखी काही आजार आहे का?"

स्वयंपाकघरात वाटी पडली.

नौशादच्या ध्यानात सगळ्यांत आधी आलं. तो उठून दारापर्यंत गेला आणि कमरेत वाकून म्हणाला, "वहिनी, जरा बाहेर येताय का? तुमचं काळीज सापडलंय."

त्रिशला पदराला हात पुसत आली. "मी फक्त पट्टा धरत्ये. हे पडतील म्हणून. कोण पडायला लागलं की जीव धडधडणारच की माणसाचा."

"तसं नाही काकू," डॉ. घोलप म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आता संशोधकाचा आनंद होता आणि समोरच्या बाईची अडचण त्यांना अजिबात दिसत नव्हती. "खड्ड्यांपाशी तुमचे ठोके बदलतच नाहीत. खड्ड्यांना तुम्ही मुळीच घाबरत नाही. वाढतात ते गाण्यात. हे बघा, नौशादसरांच्या कडव्यांवर. आधी तुमचे वाढतात, तुमची मूठ पट्ट्यावर आवळते, मग सरांचे वाढतात, आणि मग कॅमेरा जवळ जातो. प्रत्येक वेळी हाच क्रम."

नौशादनं छातीवर हात ठेवला.

"वहिनी! वीस वर्षं! नळावरचं भांडण म्हणत हुतासा!"

"भांडणच हाय ते."

"आणि मूठ?"

"भांडण ऐकताना मूठ आवळत न्हाई व्हय माणसाची?" त्रिशला म्हणाली आणि चिवड्याची ताटली उचलून आत गेली. ताटली भरलेलीच होती.

भूपाल हसला नाही. तो आत गेला तेव्हा ती ओट्याकडं तोंड करून उभी होती, पाठमोरी, शूटिंगमध्ये असायची तशीच.

"कधी बोलली न्हाईस," तो म्हणाला.

"तुम्ही विचारलं कधी? सगळं पुणं तुमचं कौतुक करत हुतं. म्हटलं चाललंय तर चालू दे." थोडं थांबून ती म्हणाली, "त्या कडव्याला लई वाईट वाटायचं मला. सुताच्या गाठीच्या. आजबी वाटतं."

भूपालनं पडलेली वाटी उचलून विसळली. त्यांच्या संसारात हे बरंच मोठं भाषण होतं.

शनिवारी ऊन उतरल्यावर सगळे शेडवर जमले. त्रिशला रिक्षातून आली ती कॅमेऱ्याची पिशवी मांडीवर घेऊन. "माळ्यावर धूळ बसत्या," ती म्हणाली. धूळ बसू नये म्हणून कॅमेरा यंत्रमागाच्या शेडमध्ये आणणारी बाई साऱ्या इचलकरंजीत ती एकटीच. कापसाच्या तंतूंनी तिथं कोळिष्टकंसुद्धा पांढरी झाली होती.

शेठनं बटण दाबलं आणि माग सुरू झाले. खटाक् खटाक् खटाक्. भिंती हलल्या. डॉ. घोलपनी कानांवर हात ठेवले, नौशादनं डोळे मिटले. टोळ हवेत उठला, नौशादच्या समोर येऊन थांबला, आणि नौशाद चालायला लागला.

भूपाल डॉ. घोलपच्या यंत्राच्या पडद्यावर बघत होता. खोटं कशाला बोलायचं, ते सुंदर होतं. टोळ थबकत होता ते अगदी त्याच्यासारखं. सूत घेऊन धावणाऱ्या धोट्याच्या येरझाऱ्या दाखवून नौशादच्या ओठांवर येत होता तेही त्याच्यासारखं, तरण्याताठ्या भूपालसारखं. आपलाच तिशीतला फोटो आपल्याकडं बघून हसावा तसं त्याला वाटलं. डोळे भरून आले आणि चित्र धूसर दिसू लागलं, पण टोळाच्या डोळ्यात पाणी नसल्यामुळं त्याचं काही बिघडलं नाही.

अर्ध्या शेडमध्ये नौशाद थांबला. शेठनं मागही थांबवले.

"काय झालं, सर?" डॉ. घोलप ओरडल्या. "छान चाललं होतं!"

"त्या माशीला तोंडच न्हाई," नौशादनं टोळाकडं बोट दाखवलं. "मी म्हणतोय कुणाला? भूपाल्या कॅमेऱ्यामागं माझ्याबरोबर पुटपुटायचा. चुकीचे शब्द म्हणायचा, ते बघून मला चेव यायचा. ही चुकतबी न्हाई." तो एका थांबवलेल्या मागाला टेकला. "ऱ्हाऊ दे. नसलं व्हायचं तर ऱ्हाऊ दे. भंगारात सगळंच जातंय."

छपराच्या फटीतून येणारं ऊन भिंतीवर चढायला लागलं होतं. आणखी थोड्याच वेळात ते छपरापर्यंत पोचणार, आणि उद्या इथं भिंतीच उरणार. भूपालला ते कळत होतं. कळून तो जागचा हलला नव्हता.

"अरे, मी घेतला तर काय हुणार हाय?" तो म्हणाला. "माझं काळीज यंत्रावर चालतंय, नौशाद. त्याला तुझं गाणं कळत न्हाई."

मागून चेनचा आवाज आला. त्रिशलानं पिशवी उघडली होती. तिनं कॅमेरा दोन्ही हातांनी उचलून त्याच्या खांद्यावर ठेवला, गोणी लादावी तसा, आणि त्याच्या मागं जाऊन पट्टा धरला.

"तुमच्याला कळत नसंल," ती म्हणाली. "माझ्याला कळतंय. चला."

माग पुन्हा सुरू झाले. नौशाद टेकलेला सरळ झाला. त्यानं एकदा भूपालकडं बघितलं आणि एकदा भूपालच्या खांद्यावरून दिसणाऱ्या अंबाड्याकडं. मग तोंड उघडलं.

भूपाल मागं सरकू लागला. आपलं काळीज तेच आहे हे त्याला कळत होतं: घड्याळासारखं, चालीपुरतं, भावना न गुंतवता काम करणाऱ्या कारकुनासारखं. पण आज पहिल्यांदाच त्याचं लक्ष कमरेवर होतं. वीस वर्षं जो पट्टा फक्त खड्डे सांगतो असं त्याला वाटत होतं, तो आता ऐकू येत होता. मूठ सैल, मूठ घट्ट. तो मुठीबरोबर नौशादच्या जवळ गेला, मुठीबरोबर लांब झाला, धोट्याकडं वळला, परत आला. शेड संपली, बोळ लागलं. आणि नौशाद गाठीच्या कडव्यावर आला:

"कापडात गाठ दिसली तर शेठ कापतो पैसं,
माणसात गाठ नसली तर माणूस टिकंल कसं?
तुटल्यालं सूत घेऊन ये, मी अजून हितंच हाय,
गाठ मारायला दोन बोटं, माग लागत नाय!"

पट्टा असा आवळला की भूपालचा श्वास कोंडला. कॅमेरा नौशादच्या तोंडाला भिडला, इतका की पडद्यावर फक्त दोन डोळे राहिले. भूपाल कॅमेऱ्यामागं पुटपुटत होता, आणि अर्थातच चुकीचे शब्द म्हणत होता. नौशाद हसला. गाता गाता हसला, आणि पुढचं कडवं त्यानं असं काही फेकलं की बोळातली बाई वाळवणाची टोपली घेऊन तशीच उभी राहिली.

बोळाच्या तोंडाशी सूर्य छपरांना टेकला. आता दोन हिसके येणार म्हणून भूपालनं पाय उचलायची तयारी केली. शेवटचं कडवं घाईत उरकायचं हे नौशादलाही ठाऊक होतं, त्यानं श्वास भरून ठेवला होता.

हिसके आले नाहीत.

सूर्य निम्मा गेला. मूठ तशीच. नौशादनं घाई करायची सोडली. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं शेवटचं कडवं सावकाश, एकेक शब्द जमिनीवर ठेवत म्हटलं. सूर्य गेला. बोळात करडा उजेड पसरला, भूपालच्या कुठल्याच व्हिडिओत कधी नव्हता असा, आणि त्या उजेडात नौशादचं टक्कल, पांढरी दाढी, मागं शेडच्या दारातून दिसणारे, एकेक करून थांबत गेलेले माग, सगळं एकाच वयाचं दिसायला लागलं. शेवटचा खटाक् झाला. भूपालनं कॅमेरा खाली घेतला.

मागं वळून त्यानं बायकोकडं बघितलं. "दिवस मावळला की गं."

"दिसतंय मला. पुढं तोंड करून मीच चालत्ये."

"मग हिसका का दिला न्हाईस?"

"गाणं चालू हुतं," त्रिशला म्हणाली.

डॉ. घोलप यंत्र घेऊन धावत आल्या. शेडच्या पायरीवर परत येताच त्यांनी तो शॉट आपल्या यंत्राला दाखवला आणि आलेख सगळ्यांपुढं धरला. खाली एक रेघ होती, पेसमेकरची: सारख्या अंतरावर, न डगमगणारी, पट्टीनं आखल्यासारखी. आणि तिच्यावर दुसरी, कधी आधी, कधी मागून, अडखळत, उसळत, नाचत चाललेली.

नौशादनं दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. "मॅडम, एवढं शिकलासा आणि ओळखू येईना? खाली न हलणारा ठेका, वर कुणाचं तरी काळीज. ह्यालाच तर हिप हॉप म्हणत्यात."

मग त्याच्या डोक्यात काहीतरी आलं. "भूपाल्या, तुझ्या सांगलीच्या डॉक्टरला विचार की. ठेका जरा वाढवून मिळंल का? पुढचं गाणं जलद हाय."

भूपालनं खरंच विचारलं म्हणतात, आणि डॉक्टरांनी त्याला खरंच हाकलून दिलं.

पण ते नंतर. त्या संध्याकाळी चौघं पायरीवरच बसून राहिले. त्रिशलानं नेहमीसारखा डबा आणला होता, तो बंदच होता. आता सकाळपर्यंत तिला पाणीही नव्हतं. भूपाल एरवी तिच्यामागं खुशाल रात्री दूध पिणारा, पण त्यानं पाण्याच्या बाटलीचं टोपण परत लावलं. नौशादच्या पिशवीतून मटणाचा वास येत होता. त्यानं पिशवी गुपचूप पलीकडच्या पायरीवर सरकवली.

"खावा की भावजी," त्रिशला म्हणाली. "माझ्यापायी कशाला उपाशी?"

"भूक न्हाई, वहिनी," नौशाद म्हणाला, आणि त्याचं पोट एवढ्या मोठ्यानं वाजलं की डॉ. घोलपनी चमकून यंत्राकडं बघितलं.

त्रिशला हसली. हसता हसता तिचा हात सवयीनं मागं गेला आणि भूपालचा पट्टा शोधून तिथंच थांबला. आता कुठं पाठमोरं चालायचं नव्हतं, तरीही.